काच पुसली: होय

सूर्य फुकट आहे, पण त्याच्या नावावर जगणारे लोक भारी महाग पडतात. गेली सात वर्षं मी त्यांच्यातच काम करतोय, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

आमची कंपनी बेंगळुरात दोन ठिकाणी आहे. बोलायचं काम एचएसआर लेआउटमध्ये होतं आणि करायचं काम यशवंतपुरात. एचएसआरला काचेची दालनं आहेत, एकदा बसलं की उठता न येणाऱ्या गुबगुबीत पिशव्या आहेत आणि कुंड्यांमध्ये प्लॅस्टिकची झाडं आहेत. जगाला सौरऊर्जा पुरवायला निघालेल्या माणसांना खिडकीशी एक खरं झाड जगवता येत नाही. यशवंतपूरला घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा. बाहेर कांद्याचे ट्रक, आत आम्ही. आमच्या आधी त्या गाळ्यात नट-बोल्ट होत असत. ते निदान कुणाच्या तरी उपयोगी पडायचे.

आम्ही पेरोव्हस्काइटचे सौर सेल करतो. पेरोव्हस्काइट हे एका जातीच्या स्फटिकांचं नाव. शिसं, आयोडीन आणि एक-दोन क्षार द्रवात विरघळवायचे, दोन पेरांएवढ्या काचेवर त्याचा थेंब टाकून ती काच गरगर फिरवायची, नेमक्या क्षणी वरून दुसऱ्या द्रवाचा थेंब सोडायचा आणि मग काच गरम तव्यावर ठेवायची. पिवळसर थर बघता बघता काळपट तपकिरी होतो. सिलिकॉनला भट्टी लागते, ह्याला तवा पुरतो, म्हणून सगळं जग ह्याच्या मागे लागलंय. एकच अडचण आहे. हवेतल्या ओलाव्याने तो नासतो आणि उन्हाने थकतो. उन्हाने थकणारा सौर सेल! हे ऐकून आमच्या घरची कामवालीसुद्धा हसली होती. आमचे गुंतवणूकदार मात्र गंभीरपणे मान हलवतात.

ह्या धंद्यात देव एकच, तो म्हणजे टक्का. पडलेल्या उजेडापैकी किती टक्क्यांची वीज झाली तो आकडा. सेलचं आयुष्य चार दिवसांचं का असेना, टक्का वर गेला की पेढे. त्यातही सगळ्यांचा टक्का सांगायचा नाही. एका ताटात चाळीस सेल करायचे, त्यातला सगळ्यात चांगला उचलायचा, त्याला चॅम्पियन म्हणायचं आणि त्याचा आकडा मिरवायचा. वर्गातल्या पहिल्या मुलाचे मार्क सांगून सगळी शाळा हुशार आहे म्हणण्यातला हा प्रकार. कुणालाच त्याची लाज वाटत नाही, कारण सगळ्या जगात असंच चालतं.

आमचा संस्थापक पुण्याचा. महादेवपुऱ्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दहा वर्षं काढून तो शहाणा झाला. सॉफ्टवेअरमधून माणूस बाहेर पडला की त्याला शेती तरी सुधारायची असते, नाहीतर शिक्षण, नाहीतर सूर्य. ह्याच्या वाट्याला सूर्य आला. त्याने आयुष्यात एकही सेल केलेला नाही, पण सेलवर तो पाऊण तास बोलू शकतो आणि त्या पाऊण तासात श्वास कधी घेतो ते कळत नाही. मला तो 'काका' म्हणतो. मी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा आहे, पण काका म्हणण्याएवढा नाही. एकदा तसं सांगून पाहिलं, तर "अरे काका, इट्स विथ लव्ह" म्हणाला.

माझं काम मोजण्याचं. दुसऱ्यांनी केलेले सेल दिव्याखाली ठेवायचे आणि टक्का सांगायचा. हे काम मला वारशानेच मिळालं म्हणायला हरकत नाही. आमचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरात आहे, आमच्या घरात अजून 'स्वल्प भात वाढ' म्हणतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्राचा सुटा भाग त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नसे, आणि भाग हातात घेऊन, फिरवून, मापाचं गेज लावून बघितल्याशिवाय अण्णा सही करत नसत. मी बारा वर्षांचा असताना त्यांनी रद्द झालेल्या तपासणी चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर माझ्याकडून सही घोटवून घेतली होती. त्यामुळे माझी सही देखणी आहे. खाली एक सरळ रेघ, तिच्या शेवटी छोटंसं टिंब. लोक आवर्जून विचारतात, आणि मीही आवर्जून अण्णांच्याच शाईच्या पेनाने ती करतो.

आता मोजतात कसं ते सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सेल खऱ्या उन्हात मोजत नाहीत, ऊन रोज वेगळं असतं. त्यासाठी दिवा असतो. दिव्याचा उजेड बरोबर एका सूर्याएवढा आहे हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी काड्यापेटीएवढी एक पोलादी डबी असते. वर काच, आत सिलिकॉनचा काळपट निळा तुकडा. तिला रेफरन्स सेल म्हणतात. एका सूर्याखाली तिने किती वीज द्यायची ते पक्कं ठरलेलं असतं. रोज सकाळी डबी दिव्याखाली ठेवायची आणि तिने ठरलेला आकडा दाखवेपर्यंत दिवा कमी-जास्त करायचा. मग दिवसभर त्याच दिव्याखाली बाकीचे सेल मोजायचे. आमच्या गाळ्यातलं खरं-खोटं ठरायचं ते त्या डबीवर.

त्या डबीची काच मी सुरुवातीची पाच वर्षं रोज पुसत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुसत होतो. मग संस्थापकाने कुठेतरी काहीतरी वाचलं आणि चेकलिस्ट आणली. रोज सकाळी वहीत भरायची. पहिलीच ओळ होती, 'रेफरन्स सेलची काच स्पिरिटने पुसली: होय / नाही', पुढे सही. मला त्याचा इतका संताप आला! ज्याला डबी वर कुठून आणि खाली कुठून हे ठाऊक नाही, त्याने मला काच पुसायला शिकवायचं? आणि मग मी जे केलं ते पन्नाशीच्या माणसाला शोभणारं नव्हतं. मी आधी सही करायला लागलो. काच नंतर पुसायची. मग नंतर म्हणजे सोमवारी. मग आठवण झाली की. सही मात्र रोज, एकही दिवस न चुकता.

तिसरं माणूस म्हणजे सेल करणारी. तीस-एकतीसची, नागपूरची, डॉक्टरेट झालेली. आमच्या कंपनीत खरं काम करणारी ती एकटीच, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं आणि कुणालाही सांगायचं नाही असं मी ठरवलं. कौतुक केलं की माणसं बिघडतात. त्या फिरत्या काचेवर नेमक्या क्षणी थेंब सोडायला हात लागतो. तिचा तसा होता. तिच्यात नाव ठेवण्यासारखं मला एकच दिसायचं. तिला शंका फार. चांगला आकडा आला की बाकीचे नाचतात, ही कपाळाला आठ्या घालून बसायची. "इतका काहून आला असेल, सर?" असं विचारायची. मी म्हणायचो, वाईट आला की रडतेस, चांगला आला की कण्हतेस, तुला हवंय तरी काय?

त्या वर्षी ती एक नवीन मीठ घालून बघत होती. स्फटिकांचे कण जिथे एकमेकांना भिडतात तिथे फटी राहतात आणि वीज त्या फटींत मरते. त्या फटी बुजवायला चिमटीच्या हजाराव्या भागाएवढं मीठ. चार महिने ती त्याच्यावर होती. आकडा अठराच्या आसपास घुटमळत होता आणि संस्थापकाला वीस हवे होते. वीसच का, तर सादरीकरणात वीस बरे दिसतात.

मग खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि यशवंतपुरात ती ज्या जोमाने होते तशी क्वचितच कुठे होत असेल. गल्लीतल्या प्रत्येक ट्रकला केळीचे खुंट बांधलेले, दारोदार कुंकू भरून फोडलेले कोहळे, पायाखाली लाल चिखल. आमच्या गाळ्यात झाडलोट करणारी अक्का ह्या दिवसाची मालकीण असते. तिने सगळ्या यंत्रांना शेवंतीच्या माळा घातल्या, हळदी-कुंकू लावलं. संस्थापक रेशमी कुर्ता घालून आला आणि माळ घातलेल्या दिव्याशेजारी उभा राहून त्याने फोटो काढून घेतले. खाली लिहायला इंग्रजीत मजकूर तयारच होता, परंपरा आणि विज्ञान वगैरे. वर्षभर ज्या दिव्याकडे तो फिरकला नाही त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. मी कोपऱ्यात चुरमुरे खात नाक मुरडत होतो.

अक्काचं लक्ष त्या डबीकडे गेलं. "सार, इदक्के हच्चिल्ला," ती म्हणाली. म्हणजे हिला लावलं नाही. डबीला हात लावायची परवानगी फक्त मला, म्हणून तिने ताटली माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, सरी सरी, ओल्या हळदीत बोट बुडवलं, वर कुंकवाला टेकवलं आणि डबीवर दाबलं. डबीला चारी बाजूंनी पोलाद होतं. माझं बोट काचेवर पडलं. मी बघितलंही नाही, कारण असल्या गोष्टींकडे मी बघत नाही.

सुट्टीनंतर सोमवारी गाळा उघडला तेव्हा टिळा वाळला होता. मी अंगठ्याने घासला, कुंकू झडलं, काच साफ दिसली. वहीत 'होय' लिहिलं, सही केली आणि दिवा लावला.

त्या आठवड्यात आकड्याने वीस ओलांडले.

काय तो आनंद! एचएसआरमध्ये केक कापला, त्याच्यावर क्रीमने '२०' काढलेलं. संस्थापकाने तिला सगळ्यांसमोर 'आवर स्टार' म्हटलं, आणि पुढच्या वर्षी मोठ्या काचेवर सेल करायचं काम हिच्या हाताखाली सुरू होईल असं जाहीर केलं. ती अंग चोरून उभी होती. कुणीतरी तिच्या गालाला क्रीम फासलं. मीही केक खाल्ला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज सतरा गाढवं एका घोडीभोवती नाचताना पाहिली.

आता जे सांगायचं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिला जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेने बोलावलं होतं. तीन वर्षांचं काम, हवी तशी यंत्रं, हवे तसे गुरू. हे तिने माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं; मी कुणाशी बोलत नाही म्हणून मला सांगितलं असावं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. गुरुवारी दुपारी मी डबा खात होतो तेव्हा ती वही घेऊन आली.

"सर, एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"मीठ घातलेल्या सेल वाढल्या ते समजलं. पण मी तुलनेला साध्या पण करते ना, मीठ न घातलेल्या. त्या पण तेवढ्याच वाढून राहिल्या. त्या काहून वाढाव्या?"

आज मी तो प्रश्न एखाद्या परीक्षेत घातला तर जो उत्तर देईल त्याला मी नोकरीवर ठेवीन. साधे आणि मीठ घातलेले दोन्ही सारखेच वाढले, म्हणजे वाढ सेलमध्ये नाही, मोजण्यात आहे. चार ओळींचं गणित. तिने ते जवळजवळ मांडूनच माझ्यापुढे ठेवलं होतं. मी पोळीचा घास गिळला आणि म्हणालो, "तुझा हात बसलाय आता. हात बसला की सगळंच सुधारतं."

"हो, पण इतकं? एकदा दिवा वगैरे..."

"दिवा माझा आहे. मोजमाप माझं आहे. खाली माझी सही असते रोज. तू थेंब टाक, मोजायचं मी बघतो."

तिने वही मिटली. म्हणाली, "मला उद्या जर्मनीला कळवायचंय सर. आकडा खरा असला तर मी इथेच थांबते, हे मोठ्या काचेवर मलाच करून पाहायचंय. खरा नसला तर मला अजून शिकायची गरज आहे, मग मी जाते. म्हणून विचारलं."

"खरा आहे," मी म्हणालो. रेफरन्स सेल माझ्या टेबलापासून चार पावलांवर होता.

"बरं सर. तुमची सही आहे म्हणजे प्रश्नच मिटला," ती म्हणाली, आणि संध्याकाळी तिने नकार कळवून टाकला.

तीन आठवड्यांनी बाहेरच्या एका प्रयोगशाळेचा अहवाल आला. गुंतवणूकदारांना बाहेरची मोहोर लागते, म्हणून तिचे सहा सेल तिकडे पाठवले होते. अहवालात अठरा-साडेअठरा. संस्थापक यशवंतपूरला आला, वर्षातून दुसऱ्यांदा. त्याने अहवाल टेबलावर आपटला, आणि दोन मिनिटांत त्याला कारणही सापडलं. सेल वाटेत खराब झाले असणार. कुणी पॅक केले होते? तिने. झालं! "पॅकिंगमध्ये इश्यू आहे," तो म्हणाला, "यू हॅव टु ओन इट." ती म्हणाली की नायट्रोजन भरून, तीन थरांत बंद करून पाठवले होते. तो म्हणाला, मग टक्के रस्त्यात पडले का? जमलेले दोघे-तिघे हसले. तिने मान खाली घालून "पुन्हा बघते" म्हटलं.

मी तेव्हा हसलो नाही एवढंच. ते गेल्यावर मी डबी उचलली, अगदी सहज. खिडकीशी नेली आणि तिरपी धरली. समोरून बघताना आतल्या काळ्या तुकड्यामुळे काच नितळ दिसते. तिरपी धरल्यावर तिच्यावर पिवळसर पापुद्रा दिसला, आणि त्यात माझ्या अंगठ्याच्या रेषा. स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो हळदीचा पिवळा झाला.

दुधवाल्याचं माप आतून चेपलेलं असलं की त्याची म्हैस जास्त दूध देते असं वाटतं. तसंच झालं होतं. हळदीमुळे डबीला उजेड कमी पोचत होता, म्हणून मी रोज सकाळी दिवा वाढवत होतो, आणि त्या वाढलेल्या दिव्याखाली बिचारे सेल जास्त वीज देत होते. काच पुसून तिचे सेल पुन्हा मोजले. साधे बरोबर अठरा. मीठवाले अठराच्या वर अर्धा टक्का, जरा जास्तच. म्हणजे तिचं मीठ खरंच काम करत होतं. ह्या धंद्यात खरा अर्धा टक्का मिळवायला माणसं वर्षं घालवतात. तिने तो चार महिन्यांत काढला होता, आणि वीसच्या केकखाली तो कुणाला दिसलाच नाही.

अण्णांच्या कारखान्यातही आयुधपूजा व्हायची. सगळ्या यंत्रांना गंध-फुलं. पण दुसऱ्या दिवशी पहिलं काम गेजेस पुसायचं, आणि ते अण्णा स्वतः करायचे, शिपायाला देत नसत. हे मला बोळा हातात असताना आठवलं. आठवून काय उपयोग होता?

मी ताबडतोब बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. मी चार दिवस गप्प बसलो. त्या चार दिवसांत ती थर्माकोलच्या पेट्यांत काचा भरून, हलवून, उघडून बघत होती की चूक कुठे होते. माझ्या टेबलावरून ती दिसायची आणि मी वर्तमानपत्र वाचायचो. ह्याला भित्रेपणा म्हणतात. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भित्रेपणाची टिंगल केली होती, त्यामुळे मला तो ओळखायला वेळ लागला नाही.

पाचव्या दिवशी मी एचएसआरला गेलो, संस्थापकाला सगळं सांगितलं. तो त्या गुबगुबीत पिशवीत रुतून ऐकत होता.

"काका, रिलॅक्स. हे अजून कुणाला माहितीये?"

"तुला आणि मला."

"मग प्रॉब्लेम काय आहे? पॅकिंग इश्यू म्हणून ऑलरेडी कळवलंय. तिनेही ॲक्सेप्ट केलंय."

"तिने केलंय, कारण तिला खरं माहीत नाही."

"हे बघा, पूजेमुळे रीडिंग चुकलं असं बाहेर गेलं तर किती सेन्सिटिव्ह होईल माहितीये? लोक काय म्हणतील? शिवाय ते फोटो पण टाकलेत आपण." मग म्हणाला, "ती यंग आहे, काका. शी विल बाउन्स बॅक."

मी उठलो. यशवंतपूरला जायला ऑटोला दीड तास लागला, आणि तो दीड तास माझा फार छान गेला, हे मला कबूल केलं पाहिजे. प्रत्येक सिग्नलला मी त्याला नवीन शिवी दिली. पुणेरी, बोलघेवडा, उंटावरून शेळ्या हाकणारा. स्वतःची कातडी वाचवायला पोरीचा बळी देतो. मी तसा नाही, मी आत्ता जाऊन तिला खरं सांगणार आहे. गाळ्याशी उतरेपर्यंत मला स्वतःबद्दल जवळजवळ आदर वाटू लागला होता.

ती पेट्यांच्या ढिगाशी बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. हळद, अंगठा, दिवा, सगळं. तुझं पॅकिंग बरोबर होतं, तुझा अर्धा टक्का खरा आहे, संस्थापक दडपायला बघतोय पण मी दडपू देणार नाही. जर्मनीच्या लोकांना मी स्वतः पत्र लिहितो, चूक माझी होती म्हणून.

"त्यांची जागा भरली सर," ती म्हणाली. "मंगळवारीच विचारलं मी. मला वाटलं माझाच हात बिघडला, म्हणून शिकायला जाऊ द्या असं लिहिलं होतं."

मी समोरची एक पेटी उचलून उगाच बाजूला ठेवली.

तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

आज शुक्रवार होता. ती उठली, दिव्यापाशी गेली आणि तिने चेकलिस्टची वही घेतली. खंडेनवमीनंतरचा सोमवार काढला आणि तिथून एकेक पान पुढे उलटत निघाली. प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच. काच पुसली: होय. पुढे माझी सही, सरळ रेघ, शेवटी टिंब. ती कुठेही घाई करत नव्हती. मी शेजारी उभा होतो आणि पान उलटल्याचा आवाज ऐकत होतो. त्या गुरुवारच्या पानाशी ती थांबली. ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या दिवशी पण नव्हती पुसली?"

"नाही."

"सही मात्र फार सुंदर आहे हो सर तुमची," ती म्हणाली.

तो टोमणा असता तर मी परतवला असता. टोमण्यात मी कुणाला हार जात नाही. पण ती खरंच त्या सहीकडे बघत होती, एखादी वस्तू बघून झाली, आता ठेवून द्यायची, अशा नजरेने. ती नजर मला चांगली ठाऊक होती. त्याच नजरेने मी सगळ्या जगाकडे बघत आलो होतो, माझ्याकडे तसं कुणी बघेल हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

तिने स्पिरिटचा बोळा घेतला. डबीची काच पुसली, खिडकीशी नेऊन तिरपी धरून बघितली, पुन्हा पुसली, पुन्हा बघितली. मग वहीत त्या दिवसाचं पान काढलं. सकाळी मी तिथे सही केली होती, आणि ह्या खेपेला काच पुसूनच केली होती, पण ते तिला कुठून कळणार? तिने हात पुढे करून माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी अण्णांचं पेन काढून दिलं. माझ्या सहीवर तिने एक आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःची सही केली. शाईच्या पेनाची सवय नसल्यामुळे निब कागदात रुतलं, सही वेडीवाकडी आली, पाचवीतल्या मुलीने केल्यासारखी.

काहीतरी करायचं म्हणून मी वही मिटायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ओली आहे अजून."